सकाळी देऊळ, रात्री बँकॉक, आणि मध्ये वन्सं

प्रश्न : ताई, दिवाळी झाली की मी आणि माझ्या मोठ्या नणंद, दोघीच, एका टूरबरोबर बँकॉकला निघालोय. मी ४९ वर्षांची, वन्सं ५७. घरातलं कुणी बरोबर नाही असं पहिल्यांदाच होतंय. टूरमध्ये एक दिवस मोकळा आहे, गुरुवार. वन्संना त्या दिवशी देवळं करायची आहेत. नऊ देवळांची यादी काढून तयार आहे. मलाही देवळं आवडतात, पण बँकॉकची रात्रही बघायची आहे. एखाद्या उंच गच्चीवर बसून कॉकटेल चाखावं, गाणी ऐकावीत, जमलं तर थोडं नाचावं, असं फार मनात आहे. (हे लिहितानासुद्धा मागे कुणी उभं नाही ना, ते बघतेय.) टूरमधल्या इचलकरंजीच्या दोघी मैत्रिणी जाणारच आहेत, मला 'चला' म्हणतायत. वन्सं कट्टर दत्तभक्त, गुरुवारचा उपास. त्या म्हणतात, "सकाळी देवाच्या पायावर डोकं ठेवायचं आणि रात्री तसल्या ठिकाणी जायचं, तेही गुरुवारी? मला नाही पटत." यजमान म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. त्यांचं म्हणणं, "बँकॉकची रात्र बायकांसाठी नसते." वन्सं गोळी घेऊन दहाच्या आत झोपतात. मग गुपचूप जाऊन यावं का? हॉटेल सुखुमवित भागात आहे.
— एक वहिनी, सांगली

उत्तर : गुपचूप जाऊ नका. बाकी सगळं करा.

गुपचूप का नको, ते आधी सांगते, म्हणजे विषय संपेल. परका देश, एका खोलीत दोघी. वन्संना साडेअकराला तहान लागली आणि शेजारचा पलंग रिकामा दिसला, तर त्या काय 'वहिनी गच्चीवर गेल्या असतील' म्हणून कूस बदलून झोपणार आहेत? आधी टूर मॅनेजरला उठवतील, मग सांगलीला फोन. आपलं घड्याळ बँकॉकपेक्षा दीड तास मागे, म्हणजे सांगलीत तेव्हा दहाच वाजलेले असतील आणि सगळे जागे असतील. तुमचा पहिला घोट पोटात जायच्या आत तुमच्या सासरच्या ग्रुपवर चर्चा सुरू होईल. एवढ्या वर्षांनी मिळालेली मोकळीक चोरून खाऊ नका.

आता वन्संचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या पायरीवर डोकं टेकलं त्याच दिवशी हातात ग्लास नको, ही भावना आपल्याकडे खोल आहे, आणि थायलंडमध्येही ती नाही असं समजू नका. आपल्याकडच्या बौद्ध घरांत म्हटलं जाणारं पंचशील तिथल्या विहारांतही त्याच पालीत म्हणतात, आणि त्यातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला येणाऱ्या पवित्र दिवशी तिथली श्रद्धाळू माणसं आठ शीलं पाळतात, त्यांत नाचगाणं आणि तमाशे बघणंही वर्ज्य. मंदिराच्या आवारात दारू विकायला आणि प्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे बँकॉकमध्ये वन्संसारख्या बायका भरपूर आहेत. त्या फक्त शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा दिवस ठरवायला जात नाहीत.

आणि जरा आपल्या गावाकडे बघा. जत्रेच्या दिवशी काय होतं? सकाळी नैवेद्य, मग पालखी, दुपारी कुस्त्यांचं मैदान, आणि रात्री तमाशाचा फड. देव तोच, दिवस तोच, वर्गणी तीच. खंडोबाचं जागरण तर रात्रीच घालायचं असतं. रात्र आणि देव यांचं वाकडं असतं तर आपल्या निम्म्या जत्रा उठल्या असत्या. अडचण निराळीच होती: फडाच्या कनातीत गडीमाणसं आणि बायका घरी. पालखीला मात्र सगळे. तुमच्या यजमानांचं वाक्य त्या कनातीतून आलेलं आहे. दिवस सकाळचा की रात्रीचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. वन्संचं म्हणणं वेगळं, भावाचं वेगळं. दोन्हींना एकच उत्तर देत बसू नका.

आता दिवस कसा घालवायचा ते बोलू, कारण खरा घोळ नऊ देवळांच्या यादीत आहे. बँकॉकमध्ये एका दिवसात नऊ देवळं होतात. पण नवव्या देवळात तुम्ही बुद्धाकडे बघत नसता, बसायला जागा बघत असता. तीन करा. पैकी दोन सकाळी आणि तिसरं रात्री. हो, रात्री, त्यावर येतेच.

सकाळी लवकर निघा. सुखुमवित स्टेशनवरून निळ्या मार्गाची मेट्रो पकडली की गाडी न बदलता सनाम चाय. स्टेशन २०१९ साली उघडलं आणि आतून राजवाड्याच्या दरबारासारखं सजवलंय. वन्संनी तिथेच हात जोडले तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिथून राजवाडा पायी दहा-पंधरा मिनिटं, पहिलं देऊळ त्याच्याच आवारात. फाटक साडेआठला उघडतं, तेव्हा तुम्ही रांगेत असायला हवं. दहानंतर टूरच्या बसेस रिकाम्या होतात आणि आत पंढरपूर होतं. परदेशी माणसाला सध्या ५०० बाटचं तिकीट आहे. एक बाट म्हणजे पावणेतीन रुपयांच्या आसपास, तेव्हा हिशेब करा आणि मग हिशेब विसरा.

कपड्यांची काळजी इथे घ्यायची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचा ब्लाउज, घट्ट लेगिंग, फाटकी जीन्स चालत नाही, आणि वरून ओढणी पांघरून वेळ मारून नेऊ, या भरवशावर राहू नका. फाटकावरची माणसं त्यात मुरलेली आहेत. सुती सलवार-कमीज उत्तम. साडी नेसायचीच असेल तर बाह्यांचा ब्लाउज. पायात पटकन निघणारी चप्पल, कारण चढणं-उतरणं-काढणं सतत चालू असतं.

आत वाट फ्रा केवमध्ये ('वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ) पाचूचा बुद्ध आहे. नाव पाचूचं, दगड हिरवा जेड. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच, आणि ती इतक्या उंच सोनेरी सिंहासनावर बसवलीय की पहिल्यांदा बघणारा 'कुठाय, कुठाय' करतो. तिचे सोन्याचे पोशाख वर्षातून तीनदा बदलतात, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, थंडीचा, आणि बदलण्याचा मान राजाचा. तुमच्या वेळेला थंडीचा पोशाख चढायचा सुमार असेल. आपल्या विठोबाला थंडीत शाल-कानटोपी चढते, हे वन्संना माहीत आहेच, त्यामुळे त्यांना हे लगेच आपलं वाटेल. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. खाली बसलात तर तळवे मूर्तीकडे होऊ देऊ नका, तिथे तो मोठा अपमान समजतात. वन्संचे गुडघे बोलत असतील तर पाय लांब करण्यापेक्षा मागे उभ्याच राहा. भिक्खू समोरून आला तर बाजूला व्हा. बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नसतो, चुकूनसुद्धा.

बाहेर पडायची घाई करू नका. आवाराला जी ओवरी आहे तिच्या भिंतींवर १७८ भागांत अख्खं रामायण रंगवलंय. त्यांचं रामायण, रामकियन. तिथले राजे स्वतःला राम म्हणवतात, सध्याचे दहावे. त्यांचा हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही. बरं का, चांगला रंगेल गडी आहे. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या मुलगी आडवी येते आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो, दोघांना मुलगाही होतो. आपण मकरध्वजाची गोष्ट घामाच्या थेंबावर भागवली, त्यांनी सरळ सांगून टाकली. हे वन्संना भिंतीसमोर उभं राहून सांगा, आधी नको. चित्रं फार सुंदर आहेत, रागवायला वेळ मिळत नाही.

राजवाड्याबाहेर एक गोष्ट हमखास घडेल. नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस भेटेल आणि म्हणेल, आज वाडा बंद आहे, धार्मिक सुट्टी आहे, मी तुम्हाला रिक्षाने दुसऱ्या छान देवळात पाठवतो, अगदी स्वस्तात. तो रिक्षावाला, म्हणजे टुकटुकवाला, एखाददुसरं देऊळ दाखवून तुम्हाला खड्यांच्या दुकानात उतरवेल. वाडा बंद आहे की उघडा, हे फक्त फाटकावर कळतं. 'नको बाबा' म्हणायचं, हसायचं आणि चालत राहायचं. थांबून वाद घालायचा नाही. वन्सं थांबतील, त्यांचा दंड धरा.

मग वाट फो. साधारण ३०० बाट. इथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. इमारत त्याच्या मापाची आहे, त्यामुळे एका नजरेत तो मावत नाही. डोक्यापासून चालत चालत पायापर्यंत जायचं. तळव्यांवर शिंपल्यांच्या नक्षीत १०८ मंगलचिन्हं. पण मला त्याच्या पाठीमागची बाजू जास्त आवडते. तिथे भिंतीला लागून १०८ काशाची भांडी ओळीने ठेवलेली असतात. थोडे पैसे देऊन वाटीभर सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक-एक टाकत पुढे सरकायचं. सगळेच ते करत असतात, त्यामुळे त्या लांबट दालनात सतत किणकिण चालू असते. कुणाचं नाणं तळाशी पडतं, कुणाचं काठावर आपटून उडतं आणि माणूस वाकून शोधतो. जपाच्या माळेइतकीच संख्या आहे, वन्संना शिकवावं लागणार नाही. शेवटच्या भांड्याला नाणी कमी पडतात, ते चालतं.

याच आवारात थाई मालिशची जुनी शाळा आहे. कपड्यांवरूनच दाबतात, तेल नाही, आणि दाबतात तेव्हा जीव जातो. बँकॉकच्या मालिशबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दोघींनी पायाचं तरी करून घ्या.

एक वाजला की थांबा. समोर नदीपलीकडे वाट अरुण दिसत असेल, चिनी बशांच्या तुकड्यांनी मढवलेला, सूर्याच्या सारथ्याच्या नावाचा. होडी पाच-सहा मिनिटांत पलीकडे नेते. तरी जाऊ नका. पायऱ्या उभ्या आहेत, ऊन डोक्यावर, आणि वन्संचा उपास. तो अलीकडच्या धक्क्यावरून संध्याकाळी बघायचा असतो, मागे सूर्य मावळताना, आणि टूरच्या दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी तेवढं जमवा. त्याऐवजी मेट्रोने एक स्टेशन मागे, साम योत. तिथून फाहुरात जवळ आहे, ती बँकॉकमधली हिंदुस्थानी वस्ती. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आणि आसपास आपली खाणावळ मिळेल अशा गल्ल्या. तुमचं जेवण तिथे. वन्संना शहाळं, पेरू, पपई, अननस जिथे तिथे मिळेल. उपासाला इतकं सोयीचं शहर दुसरं नाही, साबुदाण्याशिवाय. (उपास नसेल त्या दिवशी मात्र जपा. नुसत्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी पडतं. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांची पाटी असलेली 'जे' दुकानं शोधा, ती शुद्ध शाकाहारी.)

आणि मग झोपा. मी गंभीरपणे सांगतेय. हॉटेलवर जाऊन आंघोळ, पडदे ओढून दोन तास झोप. सकाळचं देऊळ आणि रात्रीचं शहर यांच्यात भांडण लागतं ते पापपुण्यावरून कमी आणि थकव्यावरून जास्त. संध्याकाळी सातला ज्याचे पाय सुजलेत त्याला सगळंच अनैतिक वाटतं.

आता तिसरं देऊळ. तुमचा मोकळा दिवस गुरुवार आहे, हे वाचून मला तुमचं पत्र फार आवडलं. कारण बँकॉकमध्ये गुरुवारी रात्री साडेनऊला जे असतं ते इतर दिवशी नसतं.

हॉटेलजवळून आकाशगाडी, म्हणजे बीटीएस, पकडा आणि चित लोमला उतरा. दोन-तीन स्टेशनं फक्त. हा राचप्रासोंगचा चौक. आजूबाजूला भलेमोठे मॉल, डोक्यावरून गाड्या धावतायत, आणि चौकाच्या कोपऱ्यात चतुर्मुख ब्रह्मदेव. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं, तिथे तो शहराच्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात बसलाय. १९५६ साली शेजारी हॉटेल बांधताना अपघातांमागून अपघात व्हायला लागले म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने ही मूर्ती बसवली. तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. चारही मुखांपुढे उदबत्ती, झेंडूचे हार, लाकडी हत्ती. नवस फेडायचा असेल तर खिडकीवर पैसे भरायचे, की मुकुट घातलेल्या मुली येऊन नाचतात. किती मुली त्यावर दर. नवस फेडणारा समोर गुडघे टेकून हात जोडून बसलेला, मागे वाद्यं, पलीकडे सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकली. वन्संना नुसतं उभं करा तिथे. देवासमोर पैसे देऊन नाच, तोही भर रस्त्यात, तोही संध्याकाळी. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, तुम्ही काही बोलू नका.

साडेआठ-नऊला चौक ओलांडून सेंट्रल वर्ल्ड मॉलच्या दाराशी या. तिथे दोन लहान देवस्थानं शेजारी-शेजारी आहेत, एक गणपतीचं आणि एक त्रिमूर्तीचं. ब्रह्मा-विष्णू-महेश एकाच मूर्तीत. गुरुवारी रात्री साडेनऊला त्रिमूर्ती तिथे उतरते अशी श्रद्धा आहे, त्यामुळे ऑफिस सुटलेली तरुण मुलं-मुली लाल गुलाब, लाल मेणबत्त्या आणि लाल उदबत्त्या घेऊन जमतात. कशासाठी? प्रेम जुळावं म्हणून. अख्ख्या शहरातल्या एकट्या जिवांचा तो देव आहे. हे आपले दत्तगुरू नव्हेत, वन्संना तसं खोटं सांगू नका. पण तीन देव एका ठिकाणी, गुरुवारची रात्र, आणि नरसोबाच्या वाडीला वाऱ्या केलेली बाई... हात कुणी जोडायला लावायला नको. गुलाब दोन घ्या. वन्संनी स्वतःसाठी काय मागितलं ते विचारू नका, भाचीचं लग्न ठरायचं असेल तर तेवढं मात्र मागून घ्या.

तोवर तुमच्या कॉकटेलला हात लावायचा नाही. ही अट माझी. पिऊन देवासमोर उभं राहायचं नाही, यात मी वन्संच्या बाजूने आहे. साडेनऊनंतरची रात्र तुमची.

पावणेदहाला सगळ्याजणी आकाशगाडीने परत, वन्संना खोलीपर्यंत सोडा, उपास सोडायला दही-भात किंवा जे ठरलं असेल ते समोर ठेवा, 'साडेबाराला येते' असं सांगा आणि साडेबाराला या. निघण्याआधी एकदा मनापासून विचारा, 'वन्सं, लिंबू सोडा घ्यायला येता का?' आग्रह नको. आल्या तर आल्या. मला वाटतं येणार नाहीत, पण न विचारणं त्यांना जास्त लागेल.

जायचं कुठे? गच्चीवरचे बार सुखुमवितमध्येच भरपूर आहेत. सपाता घालून गेलात तर दारातून परत पाठवतात, सँडल हवेत. यादीत दर ४००-५०० बाटचा दिसेल आणि पुढे दोन अधिकची चिन्हं असतील. त्यांचा अर्थ, वर १० टक्के सेवा आणि त्यावर ७ टक्के कर. एका ग्लासात दीड तास काढा, खाली शहर पेटलेलं दिसतं, तेच बघायचंय. मग नाचायचं असेल तर सोई ११, म्हणजे अकरा नंबरची गल्ली. तिथे सगळ्या वयाची, सगळ्या देशांची माणसं असतात. ४९ वर्षांच्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, हा परदेशी जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा. ग्लास टेबलावर सोडून नाचायला जायचं नाही, सोडला तर परत आल्यावर नवा मागवायचा. हिरव्या पानाच्या पाट्या दिसतील, त्या गांजाच्या. गमतीत कुणी गोळी-बिस्कीट पुढे केलं तर नको म्हणा. मेट्रो आणि आकाशगाडी मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होतात. त्यानंतर ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा, नाहीतर टॅक्सीत बसण्याआधी मीटर लावायला सांगा, ते ३५ बाटपासून सुरू होतं. पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा नंबर ११५५ तिघींच्या फोनमध्ये असू दे.

कुठे नाही जायचं, तेही सांगते, कारण तुम्ही विचारलं नाहीत पण इचलकरंजीच्या मैत्रिणी विचारतील. सुखुमवितला नाना आणि सोई काउबॉय, सिलोमला पाटपोंग, हे गो-गो बारचे पट्टे. लाल-गुलाबी दिवे, दाराशी मुली. तुमच्या हॉटेलपासून ते इतके जवळ आहेत की चुकवायचं म्हटलं तरी वन्संनासुद्धा दिसतील. रस्त्यावरून चालत जायला हरकत नाही, धोका नाही. पण 'आलोच आहोत तर आत डोकावू' हे नको. तिथल्या पुष्कळ मुली ईशानमधल्या, म्हणजे ईशान्येच्या कोरडवाहू गावांतून घरी पैसे पाठवायला आलेल्या असतात. त्यांचं काम हा आपल्या सहलीतला एक पॉइंट नाही. त्यांचे फोटो तर मुळीच नकोत. शिवाय पाटपोंगला वरच्या मजल्यावर 'फक्त एका बिअरचे पैसे' म्हणून नेतात आणि उतरताना हजारोंचं बिल पुढे करून दार अडवतात, हा जुना धंदा आहे. गंमत म्हणजे त्याच सिलोम रस्त्यावर थोडं पुढे तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, नवरात्रात देवीची मिरवणूक रात्री त्याच रस्त्यावरून निघते. वन्संच्या नऊच्या यादीत ते असेलच. दिवसा जा, गर्दीत थाई माणसंच जास्त दिसतील.

टूरची दुसरी एखादी संध्याकाळ रिकामी मिळाली तर खाओ सान रस्त्याऐवजी शेजारची सोई राम्बुत्री गाठा. खाओ सानला कानठळ्या बसतात, ते पोरासोरांचं. राम्बुत्री वाट चना सोंगक्राम या विहाराला वळसा घालून जाते. एका बाजूला झाडं, खुर्च्या टाकलेल्या, कुणीतरी गिटारवर जुनी इंग्रजी गाणी म्हणतंय, आणि दुसऱ्या बाजूला विहाराची भिंत. तिथे वन्संही बसतील, मी पैज लावते. आणि तुमच्या तारखांत कार्तिकी पौर्णिमा येत असेल तर सगळा बेत बाजूला ठेवून नदीकाठी जा. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेत दिवे सोडतात त्याच सुमाराला तिथे लॉय क्रथोंग असतो, केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती आणि दिवा. त्याच दिवसांत वाट साकेतच्या टेकडीवर स्तूपाला लाल वस्त्र गुंडाळतात आणि पायथ्याला चक्क जत्रा भरते, पाळणे, नेमबाजीची दुकानं, तळण, सगळं, रात्री उशिरापर्यंत.

राहिलं घरच्यांशी बोलणं. वन्संना निघण्याआधीच सांगा, विमानात नको, तिथे त्यांना उठून जाता येत नाही आणि तुम्हालाही. 'तुम्हाला पटत नाही हे मला कळलं, तुम्ही येऊ नका, मी जाणार आहे, इतक्या वाजता परत येईन.' एवढंच. परवानगीचा सूर नको आणि बंडाचाही नको. नऊपैकी सहा देवळं कापायचीत, हेही त्याच बैठकीत सांगा. माझा अंदाज आहे की भांडण रात्रीवरून होणार नाही, त्या सहांवरून होईल.

आणि यजमानांना काय सांगायचं? तुम्ही काहीच सांगू नका. राचप्रासोंगहून परत आल्यावर वन्संना म्हणा, 'भाऊंना फोन लावा, काय काय पाहिलं ते सांगा.' रात्री साडेनऊला मॉलच्या दारात गुलाब वाहून आलेली बाई 'बँकॉकची रात्र बायकांसाठी नसते' हे कितपत ऐकून घेते बघू. मोठी बहीण आहे ती त्यांची. त्यांना गप्प करायचा हक्क तिला तुमच्यापेक्षा कितीतरी आधीपासून आहे.